मधलं म्युझिक

'टॉक्सिक' सुरू होतं आणि पहिल्याच क्षणी व्हायोलिनं अंगावर येतात. आधी भरभर, तुटक सूर, आणि त्यांच्या पाठोपाठ वरच्या पट्टीत चिरत जाणारी एक लांब घसर. प्रस्तावना नाही, ठेका रुजायला दिलेला वेळ नाही. नाचाच्या गाण्याची रीत सहसा वेगळी असते. आधी ड्रम, मग बास, मग हळूहळू वरचे थर, म्हणजे नाचणाऱ्याच्या पायांना गाण्यात शिरायला वाट मिळते. इथे ती वाट दिलेली नाही. जे सगळ्यात धारदार आहे ते सगळ्यात आधी समोर ठेवलं आहे, आणि त्यानंतरची सव्वातीन मिनिटं आपण ती धार पुन्हा कधी लागणार याची वाट पाहत राहतो.

ब्रिटनी स्पिअर्सचा 'इन द झोन' हा अल्बम नोव्हेंबर 2003 मध्ये आला आणि त्यातलं 'टॉक्सिक' जानेवारी 2004 मध्ये सिंगल म्हणून बाहेर पडलं. मार्चमध्ये ते ब्रिटनच्या यादीत पहिलं होतं, अमेरिकेत नववं. फेब्रुवारी 2005 मध्ये त्याला सर्वोत्कृष्ट डान्स रेकॉर्डिंगचं ग्रॅमी मिळालं. एवढी प्रसिद्ध गायिका, पण तिचं हे पहिलं ग्रॅमी. आज त्या काळातल्या डान्स हिट्सना 'जुनी गाणी' म्हणायची वेळ आली आहे. तेव्हा कॉलेजात असलेली मुलं आता चाळिशीला पोहोचली. त्या सगळ्या गाण्यांमधून एकच निवडायचं म्हटलं, तर मी हे निवडेन, आणि त्या व्हायोलिनांसाठीच निवडेन.

ही व्हायोलिनं मुंबईची आहेत. 1981 च्या 'एक दूजे के लिये' मधल्या 'तेरे मेरे बीच में' या गाण्यातून ती उचलली आहेत. संगीत लक्ष्मीकांत–प्यारेलाल यांचं, शब्द आनंद बक्षींचे, आवाज लता मंगेशकर आणि एस. पी. बालसुब्रह्मण्यम यांचे. ब्रिटनीच्या गाण्यात लताबाई आहेत, असं आपल्याकडे अभिमानानं सांगितलं जातं. पण कान देऊन ऐकलं तर लताबाईंचा एकही सूर तिथे नाही. आहेत ती फक्त व्हायोलिनं, गायक थांबल्यावर वाजणाऱ्या भागातली. आपले वादक ज्याला सरळ 'म्युझिक' म्हणतात, त्या पट्ट्यातले तुकडे कापून, जागा बदलून, पुन्हा जोडलेले.

मला या गाण्याचं सगळं सौंदर्य या निवडीत दिसतं. हिंदी सिनेमाचं गाणं आपण मुखड्यावरून ओळखतो. गुणगुणतो तो मुखडा, फार तर अंतऱ्याची पहिली ओळ. मधलं म्युझिक आपल्याला पाठ असतं, पण ते पाठ आहे याची जाणीव नसते. गाडीत रेडिओवर गाणं लागलं आणि बोलता बोलता आवाज कमी केला, तरी म्युझिक संपून गायिका कधी आत येणार हे आपल्याला नेमकं माहीत असतं. ज्यांना ना हिंदी कळत होती ना लताबाईंचा दरारा ठाऊक होता, अशा स्वीडिश माणसांनी ते गाणं ऐकलं आणि आपण ज्याच्याकडे पाठ फिरवतो नेमकं तेच उचललं.

ती माणसं म्हणजे क्रिश्चन कार्लसन आणि पोंतुस विनबर्ग. 'ब्लडशाय अँड अव्हान्त' या नावानं दोघं काम करत. त्यांच्या जोडीला गिटारवाला हेन्रिक योनबॅक आणि इंग्लिश गीतकार कॅथी डेनिस. डेनिसचं नाव लक्षात ठेवण्यासारखं आहे. 2001 मध्ये कायली मिनोगचं 'कान्ट गेट यू आउट ऑफ माय हेड' तिनं रॉब डेव्हिसबरोबर लिहिलं होतं. म्हणजे त्या दशकाच्या सुरुवातीची, कान सोडायला तयार नसलेली दोन गाणी एकाच बाईच्या लेखणीतून आली. 'टॉक्सिक' आधी कायलीकडे गेलं होतं आणि तिनं ते घेतलं नाही, हेही प्रसिद्ध आहे. रेकॉर्डिंगचं काम स्टॉकहोम आणि हॉलिवूडमध्ये झालं. श्रेयनामावलीत स्टॉकहोमच्या तंतुवादकांचा ताफाही आहे. मुंबईची व्हायोलिनं आणि स्टॉकहोमची व्हायोलिनं एका गाण्यात एकमेकांशेजारी बसली आहेत.

मूळ गाण्याकडे जाऊ या. 'एक दूजे के लिये' ची गोष्ट भाषेची आहे. गोव्यात शेजारी राहणारी दोन घरं, एक तमिळ आणि एक हिंदी. वासूला हिंदी येत नाही, सपनाला तमिळ येत नाही. के. बालचंदर यांनी हीच कथा आधी 1978 मध्ये 'मरो चरित्र' नावानं तेलुगूत केली होती. तिथे तमिळ आणि तेलुगू अशी जोडी होती. दोन्हीकडे नायक कमल हासन. हिंदी चित्रपटासाठी बालसुब्रह्मण्यम यांचा आवाज घ्यायचं ठरलं तेव्हा लक्ष्मीकांत–प्यारेलाल साशंक होते. हा गायक दक्षिणेचा, त्याचे हिंदी उच्चार चालतील का? बालचंदर यांनी सांगितलं की नायकच तमिळ आहे, उच्चार थोडे हलले तर ते बरोबरच ठरेल. 'तेरे मेरे बीच में' साठी बालसुब्रह्मण्यम यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला.

तर 'तेरे मेरे बीच में' हे अशा दोघांचं गाणं आहे ज्यांना एकमेकांचे शब्द धड कळत नाहीत. आपल्या दोघांत जे आहे त्याला काय म्हणायचं, हेही त्यांना ठाऊक नाही. अशा गाण्यात मधल्या म्युझिकवर जबाबदारी येते. एरवी ते गायकाला श्वास घ्यायला वेळ देतं, पडद्यावर नायिकेला झाडाआडून पळायला वेळ देतं. इथे शब्द अडखळत असताना वाद्यांना पलीकडे जायचं असतं. व्हायोलिनं वर चढतात आणि त्यांच्या चढण्यात उतावीळपणा आहे, थोडी भीतीही आहे. पुढे या दोघांचा करुण शेवट होणार आहे हे आपल्याला आता माहीत असल्यामुळे ती भीती जास्त ऐकू येते की ती मुळातच तिथे आहे, हे मी ठरवू शकत नाही. मला वाटतं, ती तिथे आहेच.

हा व्हायोलिनांचा आवाज नेमका कुठून आला? लक्ष्मीकांत शांताराम कुडाळकर मराठी घरातले, मेंडोलिन वाजवणारे. प्यारेलाल शर्मा ट्रम्पेटवादक पंडित रामप्रसाद शर्मा यांचे चिरंजीव, व्हायोलिनवादक. दोघं लहानपणी भेटले ते मंगेशकर कुटुंबानं मुलांसाठी चालवलेल्या सुरील कला केंद्रात. प्यारेलाल यांचे व्हायोलिनचे गुरू अँथनी गोन्साल्विस, गोव्यातल्या माजोर्ड्याचे. 'अमर अकबर अँथनी' मधलं ते नाव घेणारं गाणं शिष्यानं गुरूला दिलेली मानवंदना आहे, हे आता बऱ्याच जणांना माहीत आहे. गोन्साल्विस यांनी 1958 मध्ये 'इंडियन सिंफनी ऑर्केस्ट्रा' उभा केला होता आणि त्यात एकल गायनासाठी लता मंगेशकर आणि मन्ना डे यांना बोलावलं होतं, हे मात्र कमी सांगितलं जातं. राग आणि सिंफनीचा वाद्यमेळ एकाच मंचावर यावेत, ही त्यांची धडपड होती. प्यारेलाल यांच्या प्रत्येक मोठ्या व्हायोलिन-ताफ्यात मला तीच धडपड पुढे चाललेली ऐकू येते.

त्या काळच्या मुंबईच्या स्टुडिओत व्हायोलिनवाले पुष्कळसे गोव्याचे. चर्चच्या शाळांत नोटेशन वाचायला शिकलेले, मुंबईत येऊन आधी नाचाच्या बँडमध्ये वाजवलेले. कागद समोर ठेवला की वाचून वाजवायचं, हे कसब त्यांच्याकडे होतं. पण कागदावरचे सूर हिंदी गाण्यात जसे लागायला हवेत तसे लावायचे, म्हणजे एका स्वरावरून दुसऱ्यावर उडी न मारता घसरत जायचं, थोडं उशिरा पोहोचायचं, पोहोचल्यावर सूर हलवायचा, हे त्यांनी गायिकांना ऐकून आत्मसात केलं. त्यामुळे हिंदी सिनेमाची व्हायोलिनं पाश्चात्त्य वाद्यवृंदासारखी दिसतात, पण वाजतात गळ्यासारखी. आणखी एक फरक आहे. युरोपीय तंतुवाद्यं एकाच वेळी वेगवेगळ्या स्वरांत वाजून थर रचतात. आपला ताफा पुष्कळदा एकाच ओळीवर एकत्र तुटून पडतो, कारण इथे धून राज्य करते. इतकी व्हायोलिनं एकच ओळ वाजवतात तेव्हा प्रत्येकाचा सूर दुसऱ्यापेक्षा केसभर वेगळा लागतो आणि त्या केसभर फरकांतून आवाजाला जाडी येते, काठ येतो. सिंथेसायझरवर तसा काठ मिळत नाही. कीबोर्डवर बोट ठेवलं की सूर नेमका तिथेच उमटतो, त्याला कुठून येताही येत नाही आणि कुठे जाताही येत नाही.

स्टॉकहोमच्या त्या दोघांना नेमकं हेच हवं असणार. बाकी सगळं त्यांच्याकडे होतं. बास होता, प्रोग्रॅम केलेले ड्रम होते, मिनिटाला 143 ठोक्यांचा वेग होता. डान्स फ्लोअरवरची बहुतेक गाणी 120 ते 130 च्या आसपास राहतात. कायलीचं ते गाणं 126 चं आहे. 143 म्हणजे चालण्याची लय संपून पळण्याची लय सुरू झाली. या वेगावर सगळे आवाज सरळ रेषेत, कोन धरून येतात. त्या सरळ रेषांमध्ये वाकडी जाणारी एकच गोष्ट आहे, ती म्हणजे व्हायोलिनांची घसर. म्हणून ती डोळ्यांत भरावी तशी कानांत भरते.

आता गायिकेकडे पाहू. कितीदा ऐकलं तरी मला इथे थांबावं लागतं. इतक्या वेगवान, इतक्या ओरडणाऱ्या वाद्यमेळात ब्रिटनी ओरडत नाही. कडव्यात ती जवळजवळ कानाशी बोलते, अर्धा आवाज आणि अर्धा श्वास. ध्रुवपदाच्या आधी ती एकदम वरच्या पातळ आवाजात जाते, जमिनीवरून पाय सुटल्यासारखी, आणि ध्रुवपदात पुन्हा खाली येते, आता अनेक आवाजांच्या थरांतून, पण तरीही संयमानं. शब्द काय सांगतात? हा माणूस घातक आहे, हे मला कळतंय, आणि मी जाणार आहे. असं सांगताना साधारण गायिका आर्त होईल. ही होत नाही. ध्रुवपदात तिची ओळ संपली की मधल्या मोकळ्या जागेत व्हायोलिनं येतात आणि तिनं जे गळ्यात येऊ दिलं नाही ते ओरडून सांगतात. भीती त्यांच्याकडे आहे, गायिकेकडे फक्त निर्णय आहे.

हिंदी गाण्यातली वाटणी याच्या अगदी उलट होती. तिथे भावना गळ्यात आणि वाद्यं तिची सोबत करणारी, तिला उत्तर देणारी. लताबाई गात असताना व्हायोलिनांना त्यांच्याहून जास्त आर्त होण्याचा अधिकारच नसतो. त्या थांबल्या की मग ताफ्याला सुटी. स्वीडिश मंडळींनी ती सुटी वाढवून सगळ्या गाण्यावर पसरली. म्हणून मला 'टॉक्सिक' हे गायिका आणि व्हायोलिनं यांचं युगुलगीत वाटतं, आणि हे युगुल अशा दोघांचं आहे जे एकमेकांची भाषा बोलत नाहीत. मूळ चित्रपटाची कथा त्या चमूला ठाऊक असेल असं मला वाटत नाही. तरी ती तुकड्याबरोबर आली.

गिटारबद्दल थोडक्यात सांगतो. योनबॅकची गिटार साठच्या दशकातल्या कॅलिफोर्नियाच्या सर्फ बँडसारखी वाजते, तारेवर टणत्कार करत, ओल्या प्रतिध्वनीसह. हा आवाज म्हटला की हेरपट आठवतात, कारण 1962 च्या 'डॉक्टर नो' साठी व्हिक फ्लिकनं वाजवलेली बाँडची धून जगाच्या कानात बसली आहे. जोसेफ कानच्या व्हिडिओनं तोच धागा पकडून ब्रिटनीला हवाई सुंदरी आणि हेर बनवलं. व्हिडिओ चटकदार आहे, पण गाण्यात जे आहे त्यात तो भर घालत नाही. गिटारची खरी कामगिरी अशी, की ती खालच्या पट्टीत राहून व्हायोलिनांना वरची सगळी जागा मोकळी ठेवते.

त्याच वर्षांत मुंबईत काय चाललं होतं, हे शेजारी ठेवून पाहावं. 2002 मध्ये 'कांटा लगा' चं रीमिक्स आलं. मूळ गाणं 1972 च्या 'समाधी' मधलं, संगीत राहुल देव बर्मन यांचं आणि गायिका पुन्हा लता मंगेशकर. त्यानंतर रीमिक्सची लाट आली. लग्नाच्या वरातीत आणि गणपतीच्या मांडवात तीच गाणी. लताबाईंनी या रीमिक्सबद्दलची नापसंती उघड बोलून दाखवली होती. त्या रीमिक्सची रीत अशी, की मुखडा जसाच्या तसा ठेवायचा, नव्या आवाजात गाऊन घ्यायचा आणि खाली ठेका टाकायचा. ओळखीचं ते अधिक ओळखीचं करायचं. मला त्यात मौज वाटली तरी ऐकायला नवं काही मिळालं नाही. स्टॉकहोममध्ये उलट वाट धरली गेली. ओळखीचं सगळं बाजूला सारलं, मुखडा नाही, आवाज नाही, आणि अनोळखी कोपऱ्यात गाणं सापडलं.

अमेरिका आणि ब्रिटनमधले निर्मातेही त्या वर्षांत भारताकडे वळले होते. 2001 मध्ये टिंबालँडनं मिसी एलियटच्या 'गेट यर फ्रीक ऑन' मध्ये तबला आणि तुंबी वाजवली. पंजाबी एमसीचं 'मुंडियां तो बच के' 2003 मध्ये ब्रिटनच्या पहिल्या दहात गेलं. 2005 मध्ये ब्लॅक आइड पीजनी आशा भोसले यांच्या आवाजातल्या 'अपराध' आणि 'डॉन' मधल्या गाण्यांवर आपलं गाणं उभं केलं. आणि 2002 मध्ये ट्रूथ हर्ट्स या गायिकेच्या 'अ‍ॅडिक्टिव्ह' मध्ये खरोखरच लताबाई होत्या, 1981 च्याच 'ज्योती' मधल्या गाण्यातून. निर्माता डीजे क्विक. ते प्रकरण न्यायालयात गेलं आणि मूळ संगीतकार बप्पी लाहिरी यांचं श्रेय छापल्याशिवाय विक्री करू नये, असा आदेश निघाला. 'अ‍ॅडिक्टिव्ह' मला आवडतं, पण तिथे लताबाईंचा आवाज दूरच्या देशाचा वास म्हणून शिंपडलेला आहे. 'टॉक्सिक' मध्ये कुणी भारत दाखवत नाही. तबला नाही, सतार नाही. जगभरच्या बहुतेकांना ती व्हायोलिनं कुठली हे वर्षानुवर्षं कळलंच नाही. वाद्य म्हणून, केवळ आवाजाच्या गुणावर ती तिथे बसली. एखाद्या वादकाला याहून मोठी दाद कोणती द्यायची?

पण त्या वादकाचं नाव? इथे माझ्या आनंदाला काटा लागतो. 1981 च्या तबकडीवर गीतकार आहे, संगीतकार आहे, गायक आहेत, ताफ्यातल्या एकाचंही नाव नाही. ती तेव्हाची रीतच होती. सकाळी बोलावणं यायचं, वाजवायचं, दिवसाचे पैसे घ्यायचे, दुसऱ्या हॉलकडे निघायचं. न्यूझीलंडचे अभ्यासक ग्रेगरी बूथ यांनी मुंबईत येऊन अशा वादकांच्या मुलाखती घेतल्या आणि 2008 मध्ये 'बिहाइंड द कर्टन' हे पुस्तक केलं, म्हणून निदान त्या पिढीतल्या काहींची नावं आणि चेहरे छापून राहिले. हे काम मराठीत, कोकणीत आधी व्हायला हवं होतं. लक्ष्मीकांत 1998 मध्ये गेले, त्यांनी 'टॉक्सिक' ऐकलं नाही. प्यारेलाल यांना 2024 मध्ये पद्मभूषण मिळालं. त्या दिवशी त्यांच्यावर आलेल्या लेखांत ब्रिटनीचा उल्लेख असावा, असं मला मनापासून वाटत होतं.

व्हायोलिनांशिवाय 'टॉक्सिक' चं काय होतं, हे तपासायची सोय नंतरच्या गायकांनी करून ठेवली आहे. 2007 मध्ये येल नाईम या गायिकेनं ते संथ करून, थोड्याशा वाद्यांवर गायलं. सुंदर आहे. चाल किती भक्कम आहे हे तिथे कळतं, शब्दही स्पष्ट ऐकू येतात, पण धोका गळून गेला आहे आणि नुसतं दुःख मागे राहिलं आहे. त्याच वर्षी मार्क रॉन्सननं व्हायोलिनांच्या जागी ब्रास आणलं. त्यात ऐट आली, मात्र ब्रासला व्हायोलिनांसारखं चिरता येत नाही. आणि 2020 च्या 'प्रॉमिसिंग यंग वूमन' या चित्रपटासाठी अँथनी विलिस या संगीतकारानं याच्या उलट केलं. गायिकाच काढून टाकली. शब्द नाहीत, ठेका नाही, फक्त तंतुवाद्यांचा ताफा, गडद आणि मंद. सूडाला निघालेली नायिका चालत येते आणि मागे हे वाजतं. काही क्षणांत प्रेक्षक गाणं ओळखतात, आणि तिला काय करायचं आहे हेही त्यांना वाद्यंच सांगून जातात.